अंगावर काढलेले दुखणे आणि खांद्यावर घेतलेला क्रूस

मराठी भाषेत 'दुखणे अंगावर काढणे' असा एक वाक्प्रचार आहे. औषध न घेता, कोणाला न सांगता, कामात खंड न पाडता आजार सोसत राहणे, असा त्याचा अर्थ. हे शब्द पुरुषाविषयी आले तर त्यांत थोडा दोष असतो. 'अंगावर काढू नकोस, डॉक्टरला दाखव,' असे आपण त्याला बजावतो. स्त्रीविषयी मात्र तेच शब्द पुष्कळदा कौतुकाने येतात. एखाद्या मावशीचा दफनविधी आटोपून परतताना 'बाईने किती अंगावर काढले, पण तोंडातून कधी शब्द काढला नाही,' असे कोणी म्हणते आणि ऐकणारे माना डोलावतात. या कौतुकात काही खोल चूक आहे की काय, हा प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे. सोसणे हा ख्रिस्ती सद्गुण आहे यात शंका नाही. पण आपण काय सोसत आहोत, का सोसत आहोत आणि ते सोसणे टळण्याजोगे आहे किंवा नाही, हेच जिला ठाऊक नाही, तिच्या सोसण्याला सद्गुण म्हणता येईल काय?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून तो एका विशिष्ट वयाशी आणि एका विशिष्ट प्रदेशाशी जोडून पाहू. वय आहे स्त्रीच्या चाळिशीपासून पंचावन्नपर्यंतचे, म्हणजे पाळी अनियमित होऊन शेवटी थांबते तो काळ. पुस्तकी भाषेत त्याला रजोनिवृत्ती म्हणतात. खेड्यातील बायका 'पाळी गेली' किंवा नुसतेच 'गेली' म्हणतात. प्रदेश आहे पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका आणि त्याच्या माथ्यावरचे लोणावळा.

लोणावळा-खंडाळ्याची ख्याती आरोग्यासाठीच झाली. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर आली आणि मुंबईच्या दमट हवेला कंटाळलेली माणसे येथे हवापालटासाठी बंगले बांधू लागली. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी येथे कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली आणि शरीर निरोगी ठेवण्याचे ज्ञान शिकण्यासाठी देशोदेशीचे लोक येऊ लागले. आपली ख्रिस्ती कुटुंबेही येथे रेल्वेच्या, शाळांच्या आणि मठांच्या आश्रयाने स्थिरावली. आता याच गावाच्या पायथ्याशी पाहावे. पवन मावळ, नाणे मावळ आणि अंदर मावळ या तीन खोऱ्यांतील स्त्री आषाढात गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करते, डोंगरउतारावर नाचणी-वरईची निगा राखते, डोक्यावर लाकडाची मोळी वाहते. पुष्कळ जणी बंगल्यांतून आणि हॉटेलांतून धुणीभांडी करतात, गुलाबाच्या हरितगृहांत मजुरी करतात, लोकल गाडीने कामशेत, तळेगाव, लोणावळा असा रोजचा प्रवास करतात. २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने मुंबई-पुण्याचे अंतर काही तासांवर आणले. पण ज्या आरोग्यज्ञानासाठी परके लोक डोंगर चढून येतात, ते त्याच बंगल्याची फरशी पुसणाऱ्या स्त्रीपर्यंत पोचले आहे असे मात्र म्हणवत नाही.

हे ज्ञान फार मोठे नाही. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य देशांत हे वय एकावन्नच्या आसपास असते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती कायमची थांबली असे समजतात. त्यापूर्वीची काही वर्षे आणि नंतरची काही वर्षे शरीरातील संप्रेरके कमी होत जातात. त्यामुळे अकस्मात अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे, रात्री घामाने चिंब होणे, झोप उडणे, चिडचिड होणे, सांधे दुखणे, लघवीला जळजळ होणे, पती-पत्नीच्या संबंधांत वेदना होणे असे त्रास काहींना होतात, काहींना होत नाहीत. यांपैकी बहुतेकांवर उपाय आहेत. हाडे ठिसूळ होण्याचा धोका या वयात वाढतो. त्यासाठी नाचणी, तीळ, सुकट, पालेभाज्या आणि उन्हातील हालचाल उपयोगी पडते, आणि या गोष्टी मावळात परक्या नाहीत. बाळंतपणे आणि ओझी यांमुळे अंग बाहेर येत असेल तर त्यावरही व्यायाम आहेत आणि शस्त्रक्रियाही आहे.

या सर्वांत दोन वाक्ये अशी आहेत की ती प्रत्येक स्त्रीच्या कानांवर पडलीच पाहिजेत. पहिले वाक्य धीराचे आहे : पाळी जाणे हा आजार नव्हे. ते वेड लागण्याचे लक्षण नव्हे, कोणाची करणी नव्हे, स्त्रीचे मूल्य संपल्याची खूणही नव्हे. खेड्यातील कितीतरी बाया 'सुटले बाई' म्हणून या बदलाचे स्वागतच करतात. विटाळाच्या बंधनांतून मोकळ्या झालेल्या स्त्रीला देवळाचे आणि वारीचे दार त्यानंतरच पूर्ण उघडते. दुसरे वाक्य इशाऱ्याचे आहे : पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ती 'परत आलेली पाळी' नव्हे. पुष्कळदा कारण साधे निघते. परंतु कधी कधी ती गर्भाशयाच्या किंवा त्याच्या मुखाच्या कर्करोगाची पहिली खूण असते. त्या वेळी दाखवले तर जीव वाचतो. अंगावर काढले तर वाचेलच असे नाही.

या दुसऱ्या वाक्यामुळेच आमचा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहत नाही. जिला ते वाक्य ठाऊक आहे ती गाडी पकडून तपासणीला जाते. जिला ठाऊक नाही ती लुगड्याची घडी बदलते आणि लावणीला जाते. दोघींच्या सहनशक्तीत फरक नसतो. फरक असतो तो कोणीतरी बोलल्याचा किंवा न बोलल्याचा.

या न बोलण्याचा इतिहास जुना आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-डॉक्टरांची मागणी केली. आपल्या स्त्रिया पुरुषापाशी दुखणे उघड करण्यापेक्षा मरण पत्करतात आणि त्यामुळे असंख्य स्त्रिया अकाली जातात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्याच १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यानंतर शंभर वर्षांनी काय स्थिती होती? डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आढळले. पूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. गडचिरोली मावळापासून दूर आहे आणि तेव्हापासून काळही पुष्कळ पुढे गेला आहे. परंतु न बोलता सोसण्याची जी रीत त्या आकड्यांतून दिसते ती केवळ गडचिरोलीची नाही, हे आपल्यापैकी कोणीही आपल्या आजीला आठवून सांगू शकेल.

आपल्या सार्वजनिक व्यवस्थेची दृष्टीही या वयाच्या उंबरठ्यावर थबकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांसाठीची मुख्य प्रश्नावली १५ ते ४९ या वयोगटासाठी असते. २००५ पासून गावोगावी आलेल्या आशा सेविकेचे काम मुख्यत्वे गरोदरपण, बाळंतपण आणि लसीकरण यांभोवती आखले गेले. ते काम मोठेच आहे. त्याने असंख्य माता वाचल्या. अलीकडे तिशीवरील स्त्री-पुरुषांची रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोग यांसाठी तपासणी करण्याचे धोरणही आले आहे. तरीही एकंदर रोख असा राहिला की स्त्रीचे शरीर मूल होण्यापुरते राष्ट्राच्या काळजीचे आणि त्यानंतर तिचे तिच्यापाशी. आपण ख्रिस्ती लोक या दृष्टीवर टीका करण्यास तत्पर असतो. मनुष्याचे मोल त्याच्या उपयोगावर ठरत नाही, असे आपण म्हणतो. मग पन्नाशीच्या स्त्रीविषयी आपले आचरण तरी निराळे आहे काय?

येथे आपल्यापैकी काही श्रद्धावंत एक आक्षेप घेतील, आणि तो गंभीर आहे. दुःखाला अर्थ आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाच्या तारक अर्थावर एक संपूर्ण पत्र लिहिले. स्त्री मुकाट्याने सोसते, ते प्रभूच्या क्रूसाशी जोडते. तिच्या या भक्तीत आपण माहितीपत्रके घेऊन का शिरावे?

आमचे उत्तर असे आहे. प्रभूचे दुःख डोळस होते. गेथशेमाने बागेत त्याने प्रथम तो प्याला टळावा अशीच प्रार्थना केली, हे विसरू नये. दुःख टाळता येते का हे विचारणे हा श्रद्धेचा अभाव असता तर त्याने तसे केले नसते. पुढे गुलगुथ्यावर त्याला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला गेला आणि त्याने तो घेतला नाही. त्याच्यापुढे पेला होता, तो काय आहे हे त्याला ठाऊक होते, आणि मग त्याने नाकारला. क्रूस उचलणे याला म्हणतात. ज्या स्त्रीपुढे पेला धरलाच गेला नाही, असा काही पेला असतो हेही जिला कोणी सांगितले नाही, तिने तो नाकारला असे कसे म्हणावे? तिच्या खांद्यावर जे आहे ते तिने घेतलेले नाही. आपल्या मौनाने ते तिथे ठेवले आहे. त्या ओझ्याला क्रूस म्हणून आपण तिचा गौरव करीत नाही, स्वतःची सुटका करून घेतो. आणि पोप महाशयांच्या त्या पत्राचा शेवट कोठे होतो? चांगल्या शोमरोन्यापाशी. ज्याचे दुःख त्याला अर्थ शोधण्याचा अधिकार आहे. जो वाटेने चालला आहे त्याला मात्र थांबून जखमा बांधण्याचे कर्तव्य आहे. या दोन भूमिकांची अदलाबदल झाली की धर्माची शिकवण दुसऱ्याच्या वेदनेवरची चादर बनते.

दुसरा आक्षेप मर्यादेचा. या गोष्टी चारचौघांत बोलाव्यात काय? धर्मग्रामाच्या सभेत हा विषय शोभेल काय? ज्यांना असे वाटते त्यांनी पवित्र शास्त्र किती निःसंकोच आहे ते पाहावे. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात सारेची पाळी केव्हाच थांबली होती हे स्पष्ट शब्दांत नोंदवले आहे, आणि त्याच अध्यायात देवाचे दूत तिच्या दाराशी जेवावयास बसले आहेत. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्राव होत असलेली स्त्री येते. तिने अनेक वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसले, जवळचे सारे खर्च केले, आणि गुण न येता दुखणे वाढतच गेले, असे तेथे लिहिले आहे. हे वर्णन आजच्या कितीतरी घरांना तंतोतंत लागू पडेल. ती मागून, गर्दीतून, चोरून आली. ती बरी झाल्यावर प्रभूने तिला तशीच चोरून जाऊ दिले असते तर तिची लाज झाकली गेली असती. पण तो थांबला. तिने थरथरत सर्व हकीकत सांगितली, भर रस्त्यात, त्या काळच्या नियमाप्रमाणे तिला अशुद्ध समजणाऱ्या जमावापुढे. आणि त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली. तिचा आजार जितका जुना होता तितकेच तिचे मौन जुने होते. प्रभूने दोन्ही संपवले.

ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या इतिहासातही मर्यादेची ही कल्पना एकदा तपासली गेली आहे. प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोगचिकित्सा हे काम व्रतस्थ भगिनींना शोभणारे नाही, असे पूर्वी मानले जात असे. ॲना डेंगल ही ऑस्ट्रियातील तरुण डॉक्टर १९२० च्या सुमारास रावळपिंडीत आली. परपुरुषापुढे न जाणाऱ्या पडदानशीन स्त्रिया उपचारावाचून मरताना तिने पाहिल्या. १९२५ साली तिने वैद्यकीय सेवेसाठी भगिनींचा संघ स्थापिला आणि हा निर्बंध उठावा म्हणून प्रयत्न चालू ठेवले. १९३६ साली रोमने भगिनींना प्रसूतिसेवेसह वैद्यकीय कामाची मोकळीक दिली. मर्यादा मोडली असे तेव्हा कोणी म्हटले नाही. माणसाच्या जिवापेक्षा मोठी असलेली लज्जा ही मर्यादाच नव्हे, हे उमगले इतकेच.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा : 'आमच्या आज्यांना कुठे काय कळत होते? त्यांचे चाललेच ना?' ज्यांचे चालले नाही त्या आपल्याला सांगायला उरल्या नाहीत, हे एक उत्तर. आणि आज स्त्रीचे आयुर्मान सत्तरीपलीकडे गेले आहे. पाळी गेल्यावर तिच्यापुढे पाव शतकाचे आयुष्य असते. एवढा मोठा प्रवास तिने काहीच न विचारता करावा अशी अपेक्षा कोणी कोणाकडून करीत नाही.

परंतु सांगणारा कोण, हा प्रश्न उरतोच. कारण अज्ञानाची जागा फार काळ रिकामी राहत नाही. योग्य माणसाने वेळेवर सांगितले नाही तर ती जागा भीती आणि व्यापार भरून काढतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांचे उदाहरण महाराष्ट्राच्या चांगलेच लक्षात आहे. २०१९ साली तेथे तरुण वयात गर्भपिशवी काढून टाकण्याचे प्रमाण उघडकीस आले तेव्हा शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढली गेली होती, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एकीची. देशपातळीवर १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते अशा तक्रारी घेऊन गेलेल्या स्त्रियांना पुढे कर्करोग होईल अशी भीती घातली गेली, असे त्यांतील अनेकींनी सांगितले. खाडा झाला की दंड, मुकादमाची उचल डोक्यावर, मग पाळीची कटकटच नको, असा विचारही त्यामागे होता. ज्या स्त्रियांची बीजकोशेही काढली जातात त्यांना निवृत्ती एका दिवसात येते आणि हाडांची झीज, गरम वाफा, अशक्तपणा हे सारे ऐन तिशीत सुरू होते.

या प्रकरणातून आम्ही एक धडा घेतो. त्या स्त्रियांनी दुखणे अंगावर काढले नव्हते. त्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. त्यांना माहितीही मिळाली होती, पण ती विकणाऱ्याची माहिती होती. म्हणून नुसते 'दाखवा, दाखवा' म्हणून भागत नाही. स्त्रीला असे काही द्यावे लागते की तिला प्रश्न विचारता यावा : ही शस्त्रक्रिया कशासाठी? दुसरा उपाय आहे का? बीजकोशे ठेवणार की काढणार? न केली तर काय होईल? ज्याला तिच्या उत्तरातून काहीच लाभ नाही अशा माणसाकडून मिळालेली माहितीच तिला मोकळे करते. येथे आम्हांस धर्मग्रामाची, महिला मंडळाची आणि शेजारणीची जागा दिसते. त्यांना काही विकायचे नसते.

आता मूळ प्रश्नाची दुसरी बाजू. अशी माहिती देणे ही दया आहे की देणे आहे? लहानपणी आपण धर्मशिक्षणात दयेची सात आत्मिक कृत्ये पाठ केली. त्यांत अज्ञान्यास शिकवणे हे एक आहे. आजाऱ्याची विचारपूस हे शारीरिक कृत्यांपैकी. आमचा विषय या दोहोंच्या सांध्यावर आहे. पण 'दया' या शब्दात देणारा वर आणि घेणारा खाली असा उतार येतो, आणि तो आम्हांला खुपतो. थोर संत ग्रेगरी यांनी धर्मपाळकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले आहे की गरजूंना आपण गरजेच्या वस्तू देतो तेव्हा त्यांचेच त्यांना परत करतो. ते दयेचे कृत्य नसून न्यायाची फेड असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशात हेच बजावले : न्यायाने जे द्यावयाचे ते दान म्हणून देऊ नये. अन्नधान्याविषयी हे आपल्याला पटते. मग ज्ञानाविषयी का पटू नये? भाकरी दिली तर आपल्या ताटातली कमी होते, ज्ञान दिल्याने कमी होत नाही. आणि तरीही आपण ते अडकवून ठेवतो. पाळी गेल्यावरचे रक्त तपासून घ्यावे, हे वाक्य शिकलेल्या घरांतील बहुतेक स्त्रियांना ठाऊक असते. ते त्यांनी कमावलेले नसते. शाळा, शेजार, ओळखीचा डॉक्टर यांतून ते त्यांच्याकडे आलेले असते. ते पुढे गेले नाही तर ती कृपणता नव्हे, थकबाकी आहे.

ही थकबाकी फेडण्यास पदवी लागत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले. खेड्यातल्याच, पुष्कळदा निरक्षर आणि उपेक्षित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या केंद्रात एकत्र जमत, शिकत आणि गावी जाऊन आपल्या भाषेत सांगत. गावाने त्यांचे ऐकले, कारण त्या गावाच्याच होत्या. १९७९ साली त्या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांत दीर्घकाळ चालवलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली पुढे आले. दहावी शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी साध्या आम्लद्रावणाने गर्भाशयमुखाची तपासणी केली आणि त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. यंत्रे मोठी नव्हती. विश्वासाने बोलणारी बाई होती.

मग आपल्या धर्मग्रामांनी काय करावे? विवाहापूर्वी वधूवरांसाठी आपण शिबिर घेतो. कुटुंबनियोजनाच्या नैसर्गिक पद्धतीसाठी पाळीच्या दिवसांची, शरीराच्या खुणांची चर्चा तेथे मोकळेपणाने होते. त्यात आपल्याला काही अनुचित वाटत नाही, आणि वाटूही नये. ज्या चक्राविषयी पंचविसाव्या वर्षी बोललो ते पंचेचाळिसाव्या वर्षी थांबताना मात्र आपण गप्प का? विवाहाचा रौप्यमहोत्सव आपण ख्रिस्तयागात साजरा करतो, दांपत्याला पुढे बोलावून आशीर्वाद देतो. बहुतेक पत्नींच्या आयुष्यात हा बदल नेमका त्याच सुमारास येतो. त्या दांपत्यांसाठी वर्षातून एक दुपार ठेवावी. एखादी भगिनी परिचारिका किंवा स्त्री-डॉक्टर बोलवावी. आणि पतींनाही बसवावे. पत्नी रात्री उठून खिडकी का उघडते, ती एकाएकी का रडते, जवळिकीला का टाळते, हे ज्याला कळत नाही तो पती तिला दोष देतो किंवा स्वतःला. त्याचे अज्ञान दूर करणे हेही तिचे औषधच आहे.

आणि हे देणे आपल्या चर्चच्या कुंपणापाशी संपत नाही. मावळात ख्रिस्ती घरे थोडी. परंतु लोणावळा, तळेगाव, देहूरोड, चिंचवड येथील आपल्या कित्येक घरांत रोज सकाळी जी मावशी कामाला येते ती या खोऱ्यांतलीच असते. तिला प्रवचन देऊ नये. तिच्या मिसरीवर टीका करून आरंभ करू नये, तोंडाच्या कर्करोगाविषयी तिला सांगावयाचे असले तरी. प्रथम चहा ठेवावा आणि विचारावे : मावशी, झोप लागते का? ती हसेल, विषय टाळेल, टाळू द्यावा. दुसऱ्या दिवशी ती आपणहून सांगेल किंवा तिची जाऊबाई काय सोसते आहे ते सांगेल. मग ती दोन वाक्ये तिच्या भाषेत, हळू आवाजात सांगावीत. तपासणीच्या दिवशी सुट्टी द्यावी आणि पगार कापू नये. खाड्याचा दंड केवळ उसाच्या फडातच असतो असे नाही. ती गेली नाही तर रागावू नये. जाणे वा न जाणे हा निर्णय तिचा आहे, तिला कळल्यानंतरचा.

एवढे झाल्यावर तिने एखादे दुखणे सोसायचे ठरवले, घरासाठी, मुलांसाठी किंवा देवाच्या इच्छेला शरण जाऊन, तर त्यापुढे आपण नम्र व्हावे. त्या सोसण्याला क्रूस म्हणण्याचा अधिकार तिचा आहे, आणि तो शब्द तिने उच्चारावा. तोवर दफनभूमीतून परतताना 'किती अंगावर काढले हो बाईने' असे कोणी म्हणाले, तर माना डोलावण्याआधी आपण एवढेच मनाशी विचारावे की तिला कोणी सांगितले होते का.